काटकसऱ्यांची तिजोरी

पन्नाशी उलटली की माणसाला दोहोंपैकी एक दुखणं जडतंच: गुडघे किंवा दूरदृष्टी. गुडघ्यांना निदान तेल तरी चोळता येतं. काटकसऱ्यांना दूरदृष्टी जडली.

काटकसरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते आणि जुनी पाकिटं उलटी करून पुन्हा वापरा, असं एक परिपत्रक त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. ते परिपत्रक कोऱ्या करकरीत कागदावर छापून, प्रत्येक टेबलाला एक याप्रमाणे नव्या पाकिटांतून वाटण्यात आलं. तेव्हापासून सगळं ऑफिस त्यांना काटकसरे म्हणू लागलं. त्यांना मात्र ते नाव पदवीसारखं वाटायचं. काही माणसांना टोमणा कळत नाही, हे त्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने चांगलंच असतं.

तर ही दूरदृष्टी त्यांना ऑफिसच्या हॉलमध्ये जडली. निवृत्तीनंतरच्या जीवनावर व्याख्यान होतं आणि व्याख्याता तिशीच्या आतला होता. टाय लावलेला तो पोरगा म्हातारपणावर असा बोलत होता, जणू तिकडे चार वर्षं नोकरी करून नुकताच बदलून आलाय. दरमहा थोडं बाजूला टाका, खर्चावर नजर ठेवा, अडीअडचणीचा पैसा वेगळा ठेवा, असं बरंच काही तो म्हणाला म्हणे. 'म्हणे' म्हणायचं कारण, तेवढा वेळ काटकसरे झोपले होते. शेवटी टाळ्यांच्या जरासं आधी त्यांना जाग आली आणि एकच वाक्य त्यांच्या कानी पडलं: "कुटुंबाची संपत्ती सुरक्षित जागी हवी."

वरात संपल्यावर पोचलेल्या पाहुण्याला नवरदेव म्हणून जो दिसेल त्याच्या गळ्यात तो हार घालतो. काटकसऱ्यांनी तसा या वाक्याच्या गळ्यात हार घातला.

"आपण तिजोरी घेतोय," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं.

बायको शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही. "आणि तिच्यात ठेवणार काय?"

"हाच, हाच तो मध्यमवर्गी विचार! आधी पैसा, मग तिजोरी. म्हणूनच आपल्याकडे पैसा येत नाही. अगं, त्याला येऊन बसायला जागा नको?"

"पैसा काय पाहुणा आहे, सतरंजी घातली की येऊन बसायला?"

मुलगी एका कंपनीत हंगामी नोकरीवर होती आणि जमाखर्चाचं शिक्षण घेतलेली होती. म्हणजे या घरात या विषयावर बोलायचा अधिकार असलेली ती एकटीच, त्यामुळे तिला कोणी विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "बाबा, पगारातून दरमहा आपोआप रक्कम कापून ठेवीत जाईल अशी सोय असते बँकेत. पाच मिनिटांचं काम आहे. करून देऊ?"

काटकसरे दयेनं हसले. "पाच मिनिटांत होणारी गोष्ट म्हातारपणापर्यंत पुरते होय?"

घरात शिल्लक अशी होती ती बायकोच्या शिकवण्यांतून साठलेली. काटकसऱ्यांचा पगार घरखर्चाला जायचा आणि त्यांचं मार्गदर्शन शिल्लकीला लाभायचं. त्या शिल्लकीतला मोठा वाटा ठेवीत होता, बाकीचा हाताशी होता. हाताशी असलेल्या पैशाला हात लागायला किती वेळ लागतो?

तिजोरी मिळाली भंगारवाल्याकडे. एका सावकाराचं दुकान मोडलं तेव्हा त्याने ती उचलली होती. ज्याची तिजोरी एवढी भक्कम त्याचं दुकान का मोडलं, हा प्रश्न कोणाही शहाण्याला पडला असता. काटकसऱ्यांना पडला नाही. ते तिच्याभोवती फिरले, तिला थोपटलं, हत्ती पारखावा तसं मागून पुढून पाहिलं. हिरवा रंग, पितळी मूठ, हातभर जाडीचं दार आणि एकुलती एक किल्ली.

"बॉम्ब लावा साहेब," भंगारवाला म्हणाला. "बॉम्ब फुटेल, ही नाही फुटायची."

भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने काटकसऱ्यांनी ती मागितली. भंगारवाला इतक्या चटकन 'घेऊन जा' म्हणाला की, दुसरा कोणी तिथेच मागे फिरला असता. काटकसरे मात्र आपल्या व्यवहारचातुर्यावर खूश झाले. मग हळूहळू कळत गेलं की टेम्पोचे वेगळे, टेम्पोत चढवायचे वेगळे आणि उतरवायचे वेगळे.

"आणि तिसऱ्या मजल्यावर न्यायचे?"

"ते वेगळे नाहीत साहेब," भंगारवाला म्हणाला. "ते आमच्याच्यानं होतच नाही."

अशा रीतीने त्या संध्याकाळी कुटुंबाच्या भवितव्याची कोनशिला बिल्डिंगच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत, चारी पाय रोवून उभी राहिली.

बिल्डिंगचे सेक्रेटरी हा एक स्वतंत्र विषय आहे. ज्या माणसाला घरी कोणी विचारत नाही, ऑफिसात कोणी विचारत नाही, त्याला सोसायटी सेक्रेटरी करते आणि मग तो सगळ्यांना विचारत सुटतो. त्यांनी तिजोरीला एक प्रदक्षिणा घातली.

"परवानगी घेतलीत?"

"कशाची?"

"अवजड वस्तूची. लिफ्टमध्ये सहा माणसं लिहिलंय. ही किती माणसांची आहे?"

"ही माणसांची नाही हो, तिजोरी आहे."

"तेच म्हणतो मी. तिजोरीचा नियमच नाही आपल्याकडे. म्हणजे आधी नियम करावा लागेल, मग परवानगी."

नियम करायला सभा बोलवावी लागली. तोवर तिजोरी फाटकातून ढकलून जिन्याखाली आणली गेली, आणि सल्ले सुरू झाले. फुकट मिळतो म्हणून सल्ला घेणाऱ्याला त्याची किंमत फार मोजावी लागते. कोणी म्हणालं न्हाणीघरात ठेवा, तिथली फरशी मजबूत असते. कोणी म्हणालं, पलंगाखाली सरकवा. ती पलंगाहून उंच आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. आणि काटकसऱ्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त इंजिनियर पट्टी, पेन्सिल आणि पडलेला चेहरा घेऊन आले.

या इंजिनियरांनी आयुष्यभर पूल बांधले होते. ते पूल अजून उभे आहेत का, ही चौकशी करायला ते स्वतःही कधी गेले नव्हते. त्यांनी आकडेमोड केली आणि निकाल दिला की तिजोरी स्लॅबमधून सरळ खाली येईल ती त्यांच्या सोफ्यावर, आणि तेही संध्याकाळी, ते बातम्या पाहत असताना.

"संध्याकाळीच का?" काटकसऱ्यांनी विचारलं.

"सकाळी मी फिरायला जातो," इंजिनियर गंभीरपणे म्हणाले.

सभेत भरपूर चर्चा होऊन ठरलं ते असं: जिन्याच्या संभाव्य नुकसानीपोटी काटकसऱ्यांनी सोसायटीकडे डिपॉझिट ठेवावं आणि इंजिनियरांच्या दिवाणखान्यात, छताला आधार म्हणून, स्वखर्चाने एक लोखंडी खांब उभा करून द्यावा. काटकसरे पेटून उठायला हवे होते. पण सभेत बोलणारा प्रत्येक माणूस त्यांना 'साहेब' म्हणत होता.

हे नवीन होतं. बिल्डिंगमध्ये त्यांना आजवर 'अहो' म्हणत, आणि तेही पाणी आलं नाही की. पण तिजोरी जिन्याखाली आल्यापासून हवा पालटली होती. माणसाने घरी पुस्तकांचं कपाट आणलं तर तो वाचतो की नाही, अशी शंका लोक घेतात. तिजोरी आणली तर तिच्यात काय असेल अशी शंका कोणी घेत नाही, फक्त किती असेल एवढीच घेतात. शेजारचे नमस्कार करू लागले. कोपऱ्यावरचा वाणी, जो कालपर्यंत रोख दाखवल्याशिवाय पुडी बांधत नव्हता, तो म्हणू लागला, "राहू द्या साहेब, पैसे कुठं पळतात?"

आणि काटकसऱ्यांनी काय केलं? 'अहो, रिकामी आहे' एवढे तीन शब्द उच्चारले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. त्याऐवजी ते हसू लागले. खालचा ओठ किंचित पुढे काढून, मान तिरकी करून, 'आता काय सांगायचं' असं एक हसू त्यांनी तयार केलं. ते आरशासमोर बसवलेलं असावं, असा बायकोला संशय होता.

खांब उभा राहिला. डिपॉझिट भरलं गेलं. दुसरे हमाल आले. तिसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत तिजोरीने तीन पायऱ्यांचे कोपरे उडवले, एक कठडा वाकवला आणि दुसऱ्या वळणावर भिंतीवर अशी काही आदळली की वरच्या मजल्यावर झोपलेलं मूल उठून रडू लागलं. डिपॉझिट गेलं. दारातून ती आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. सुतार वेगळा, गवंडी वेगळा. अखेर ती मुलीच्या खोलीत जाऊन बसली आणि मुलगी हॉलमध्ये झोपायला आली.

"हाताशी होते ते संपले," बायकोने पर्स उलटी करून दाखवली. "आता साठवायचे कशातून?"

"पायाला खर्च येतोच," काटकसरे म्हणाले. "इमारत पुढे आहे."

"इंजिनियरांच्या घरी आहे ती. काल त्यांच्या बायकोनं त्या खांबाला दोरी बांधून टॉवेल वाळत घातले होते. छान सोय झाली म्हणाली."

तिजोरी रिकामी ठेवली तर तिला तशीच सवय लागेल, असा विचार करून काटकसऱ्यांनी घरात जे काही मौल्यवान होतं ते गोळा केलं. बँकेच्या ठेवीची पावती निघाली. मुलीची मूळ प्रमाणपत्रं निघाली. दोन्ही मिळून तिजोरीच्या खालच्या कप्प्याचा कोपराही भरेना. मग, घरात कोणी नाही असं पाहून, त्यांनी माळ्यावरच्या बॅगेत लपवलेला बिस्किटांचा डबा आणला. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली होती आणि बायकोने ती बंदी अंमलात आणली होती. त्यांच्या मालकीची, ज्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाचा हक्क नाही अशी, ती एकच संपत्ती होती. ती त्यांनी वरच्या कप्प्यात, मधोमध ठेवली. दार लोटलं. मूठ फिरवली. किल्ली फिरवली. खट्ट!

तो आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, असं ते पुढे सांगत. त्या आवाजाचा खरा अर्थ त्यांना दुसऱ्या दिवशी बिस्किटाची आठवण झाली तेव्हा कळला. किल्ली फिरत होती. मूठ फिरत होती. दार हलत नव्हतं. जिन्याच्या वळणावर भिंतीला जो प्रसाद मिळाला होता, तो तिजोरीच्याही पोटात पोचला होता.

आता ज्याला अब्रू कमी असते तो अशा वेळी ओरडतो. काटकसऱ्यांना ती भरपूर असल्यामुळे ते गप्प बसले. किल्ली जानव्याला बांधावी तशी त्यांनी ती करगोट्यात अडकवली आणि हसू तेवढं कायम ठेवलं.

पहिला आला तो मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ. दर दोन वर्षांनी नवा धंदा काढायचा आणि धंदा दर सहा महिन्यांनी त्याला बाहेर काढायचा.

"दाजी, या वेळी नुसतं भांडवल कमी पडतंय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणजे घरचेच. बाहेर कशाला तोंड वेंगाडू?"

"सध्या जमणार नाही रे."

"तिजोरीवाल्या माणसानं असं म्हणायचं?"

"अरे, सगळं आत अडकलंय!" काटकसरे अगदी तळमळून म्हणाले. आयुष्यात इतकं खरं ते फार थोड्या वेळा बोलले असतील. मेहुण्याने मात्र त्याचा अर्थ, पैसा कुठेतरी मोठ्या व्यवहारात गुंतलाय, असा घेतला आणि बाहेर जाऊन तसाच सांगितला.

मग सोसायटीने रंगकामाची वर्गणी काढली आणि काटकसऱ्यांच्या नावापुढे स्वखुशीने, म्हणजे सेक्रेटरींच्या स्वखुशीने, सगळ्यांच्या दुप्पट आकडा घातला. मग ऑफिसात कुजबूज सुरू झाली. पाणीपुरवठ्याच्या हेडक्लार्कला तिजोरी लागते ती कशाला? कोणाच्या नळाचं पाणी कुठे मुरतंय? आणि एके दिवशी दक्षता खात्याची नोटीस आली: ज्ञात उत्पन्नाशी विसंगत मालमत्ता बाळगल्याची तक्रार आहे, तरी तपासणीस हजर राहावे. तक्रार निनावी होती. नोटीस 'श्री. काटकसरे' या नावाने होती.

ती काटकसऱ्यांनी तीनदा वाचली. तीस वर्षांत त्यांनी ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. ती अक्कल होती की धाडसाचा अभाव, हा वाद बाजूला ठेवू, पण आणली नव्हती हे खरं. आणि तरीही, खरं सांगायचं तर, भीतीच्या तळाशी कुठेतरी त्यांना गुदगुल्या झाल्या. आपण एवढे पैसे खाल्ले असतील, असं लोकांना वाटतं! इतका विश्वास त्यांच्यावर आजवर कोणी टाकला नव्हता.

गुदगुल्या थांबल्या त्या मुलीमुळे. तिला दुसरीकडे कायमची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं आणि येताना मूळ प्रमाणपत्रं आणायची, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार.

"बाबा, माझी प्रमाणपत्रं काढून ठेवा."

"काढतो."

"आता काढा ना."

"तिजोरी अशी दर घडीला उघडायची नसते. उद्या."

उद्याचं परवा झालं, परवाचा शुक्रवार. शुक्रवारी दुपारी, बायको शिकवणीला गेलेली पाहून काटकसऱ्यांनी गुपचूप कुलपवाल्याला आणलं.

कुलपवाला तोंडाने अत्यंत कुशल होता. "असल्या शेकडो उघडल्यात," तो म्हणाला. "हिची आजी उघडलीय मी." त्याने कान लावला, डोळे मिटले, ठोकलं, तेल सोडलं, पुन्हा कान लावला आणि मग किल्ली घालून असा काही जोर केला की काटकसऱ्यांना वाटलं उघडलीच. उघडली नव्हती. अर्धी किल्ली आत राहिली होती आणि अर्धी त्याच्या हातात होती.

"आता हिला यंत्रच लावावं लागेल," तो कपाळ पुसत म्हणाला. तेलाचे पैसे त्याने वेगळे घेतले. किल्ली मोडण्याचे मजुरीत धरले.

शनिवारी सकाळी दारावर दक्षता अधिकारी उभे. उंच, शांत, इस्त्रीचे कपडे, दोन बोटांत जाड अंगठ्या, आणि मागे फाइल धरलेला शिपाई. खात्यात त्यांच्या सचोटीचा मोठा बोलबाला होता. आजवर त्यांनी एवढे लोक पकडले होते की, उरलेले त्यांना घाबरून स्वतःहून भेटायला येत. साक्षीदार म्हणून त्यांनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. सेक्रेटरी जिन्यातच होते.

"उघडा," अधिकारी तिजोरीसमोर उभे राहून म्हणाले.

"उघडत नाही," काटकसरे म्हणाले.

"उघडत नाही, की उघडायची नाही?"

"खरंच उघडत नाही हो! आणि आत काही नाही."

"काही नाही, तर बंद का केलीत?"

काटकसऱ्यांचा हात करगोट्याकडे गेला.

"किल्ली कुठाय?"

काटकसऱ्यांनी निमूटपणे अर्धी किल्ली काढून दिली. अधिकाऱ्यांनी ती उजेडात धरली. "वा! तपासणीच्या आदल्या दिवशी मोडली. फाइलमध्ये लिहा." शिपायाने लिहिलं. सेक्रेटरींनी असा श्वास घेतला की महिनाभर पुरावा.

एवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे आई. "उघडत नाही म्हणजे? बाबा? माझी प्रमाणपत्रं?"

"आहेत ना. अगदी सुरक्षित आहेत."

"कधीपासून उघडत नाहीये?"

"तसं म्हटलं तर... पहिल्या दिवसापासूनच."

मुलीने बापाकडे पाहिलं. काटकसरे ते हसू हसायला गेले, पण ओठ पुढे येईना. पाच वर्षं पोरीने हंगामी नोकऱ्या केल्या होत्या, दुसऱ्यांच्या रजेवर आपलं पोट भरलं होतं, आणि आता तिची खुर्ची त्या हिरव्या ठोकळ्यात अडकली होती. काटकसऱ्यांना एकदम आपण फार लहान झाल्यासारखं वाटलं. "मी... मी सांगणार होतो," ते म्हणाले. "पण लोक 'साहेब' म्हणत होते गं."

मुलगी तिजोरीकडे वळली, एक पाऊल मागे सरली आणि तिने दाराच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर दातओठ खाऊन एक लाथ घातली.

खट्ट! दार आपणहून उघडलं. बॉम्बला न जुमानणारी ती तिजोरी घरातल्या चपलेच्या एका लाथेत हात जोडून उभी राहिली.

सगळे एकदम पुढे वाकले. अधिकाऱ्यांनी शिपायाला सांगायला सुरुवात केली: "खालचा कप्पा. शैक्षणिक प्रमाणपत्रं. बँकेच्या ठेवीची पावती एक, पत्नीच्या नावे. वरचा कप्पा..." ते थांबले. डबा उचलला, हलवला, उघडला. "बिस्किटं. क्रीमची. अर्धा डबा."

"अर्धा?" बायको म्हणाली. "उरलेला अर्धा कुठाय?"

काटकसऱ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"साखर तपासून तीन महिने झाले नाहीत," ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "हेही लिहा तुमच्या कागदात."

मुलीने प्रमाणपत्रं उचलली, छातीशी धरली आणि ती बाहेर गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही, पण दारही आपटलं नाही. काटकसऱ्यांनी त्यावर समाधान मानलं.

असे काटकसरे निर्दोष ठरले. आणि निर्दोषपणासारखी अब्रूनुकसानी नाही, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. सेक्रेटरींचा चेहरा, जेवणाच्या पंगतीतून उठवल्यासारखा झाला. "नुसती बिस्किटं?" असं तीनदा पुटपुटत ते जिना उतरले आणि प्रत्येक मजल्यावर थांबत गेले. संध्याकाळी वाणी म्हणाला, "अहो, मागची बाकी तेवढी देऊन टाका." साहेब गेले होते. खाल्ले असतील म्हणून मान देणारी माणसं, खाल्ले नाहीत हे कळल्यावर ओळख द्यायला तयार नव्हती. जिन्यात भेटलेल्या इंजिनियरांनी तर सरळ विचारलं, "मग मला एवढं घाबरवलंत कशाला?"

रविवारी पुन्हा घंटा वाजली. दारात दक्षता अधिकारी, या वेळी शिपायाशिवाय आणि इस्त्रीशिवाय.

काटकसऱ्यांनी दार अर्धंच उघडं धरलं. "आता काय राहिलं?"

"काही नाही, काही नाही. आपली फाइल बंद झाली. स्वच्छ माणूस आहात." ते शब्द त्यांनी असे उच्चारले, जसं डॉक्टरांनी 'अशक्तपणा आहे' म्हणावं. मग इकडेतिकडे पाहून ते आत आले आणि थेट तिजोरीपाशी गेले. "हिचं आता काय करणार?"

"देवच जाणे. भंगारवाला फोन उचलत नाही."

अधिकाऱ्यांनी दार लावून घेतलं, मूठ ओढून पाहिली. दार जागचं हललं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "मुलीनं लाथ नेमकी कुठं मारली होती? जरा दाखवता?"

काटकसऱ्यांनी दाखवलं. अधिकाऱ्यांनी बूट काढला, मोज्यातल्या पायाने हलकेच एक लाथ दिली. खट्ट. दार उघडलं. त्यांनी ते लावलं. पुन्हा लाथ. पुन्हा खट्ट.

"इतकी वर्षं तपासण्या करतोय मी," ते गंभीर आवाजात म्हणाले. "माणूस कशावरून सापडतो, माहिताय? किल्लीवरून. किल्ली मिळाली की तो गेला. आणि हिला किल्लीच नाही." त्यांनी तिजोरीला थोपटलं. "माझीही निवृत्ती जवळ आलीय. पुढचा विचार करायला हवा. विकता?"

काटकसरे तोंड उघडणार, तोच बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने एक आकडा सांगितला. त्यात तिजोरी होती, टेम्पो होता, दोन्ही वेळचे हमाल होते, चौकट, डिपॉझिट, खांब आणि मोडलेली किल्ली होती. काटकसऱ्यांना घाम फुटला. अधिकाऱ्यांनी मात्र हूं की चूं न करता पाकीट काढलं आणि तेवढे रोख मोजले. पगारदार माणसाच्या खिशात रविवारी एवढी रक्कम कशी, हे विचारायचं काटकसऱ्यांच्या जिभेवर आलं होतं, पण पैसे तोवर बायकोच्या मुठीत गेले होते.

"खाली न्यायचे वेगळे," ती म्हणाली, आणि आत गेली.

व्यवहार झाला की कागद हवा, ही काटकसऱ्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी टेबल पुढे ओढलं, एक जुनं पाकीट उलटं केलं आणि पेन उघडलं. "पावती कोणाच्या नावे करू? आपल्या?"

"छे, छे!" अधिकारी दचकले. "सासूबाईंच्या नावे करा."

"त्या आपल्याकडेच असतात का?"

"नाही. त्या वारल्या. चार वर्षं झाली."

काटकसरे लिहिता लिहिता थांबले. नियमाने वागणारा माणूस, त्यांना राहवेना. "मग नावाआधी कैलासवासी लावू?"

अधिकारी बूट चढवत होते.

"नको," ते म्हणाले. "पावतीपुरत्या जिवंत ठेवा."